शिफ्ट घ्यायला कुणी आलं नाही

आईनं केंद्रात कामाला असलेल्या मावशीच्या मनगटाला चावा घेतला तो सोमवार होता. मी चार वाजून दहा मिनिटांनी पोचले, तेव्हा मावशी बेसिनपाशी उभी राहून मनगटावर पाणी सोडत होती. आई तिच्या टेबलाशी, टॉवेलांच्या ढिगासमोर, दोन्ही तळवे टेकून उभी होती. वीसेक टॉवेल जमिनीवर पडले होते. बाकीची म्हातारी माणसं चहा पीत होती. मला काही वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण या सगळ्यात बऱ्याच ठिकाणी मला काही वाटलेलं नाही, आणि उगाच वाटल्यासारखं लिहिणं मला जमणार नाही.

मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. सकाळी सात ते दुपारी तीन. नळीवर नाव चिकटवायचं, नळी यंत्रात लावायची, आकडा उतरवून घ्यायचा. नळीतल्या माणसाचा विचार केला की हात चुकतो, म्हणून विचार करायचा नाही. ही सवय लॅबच्या दारात काढून ठेवता येत असती तर बरं झालं असतं. तीनला सुटून बस धरायची आणि विसराळू माणसांच्या त्या केंद्रात आईला भेटायला जायचं, असा आठ महिन्यांचा नेम होता. भेटीची वेळ रोज चार ते सहा, रविवारी सकाळीही.

"शुक्रवारी डॉक्टर येतायत," सिस्टर म्हणाल्या. केंद्राचा सगळा कारभार त्यांच्याच अंगावर होता. "आता गोळी सुरू करावीच लागेल. तुमची सही लागेल."

"कसली गोळी?"

"शांत राहायची. मास्तरांना देतो ना, तीच."

मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत होते. आईच्या नंतर महिन्याभरानं आलेले. आले तेव्हा दिसेल त्याला पाढे विचारायचे, चुकलं की कान पकडायला धावायचे. एकदा मी सतरा नव्वे चुकले होते, आणि मला ते दिवसभर लागून राहिलं होतं. आता मास्तरांची हनुवटी छातीवर टेकलेली असायची आणि मावशी त्यांना चमच्यानं भरवायची. ते शांत होते, त्यात काही वाद नव्हता.

"दुसरा काही उपाय?" मी विचारलं.

"उपाय तुम्हीच काढला होता की," सिस्टर म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. त्या दमल्या होत्या.

उपाय मीच काढला होता, हे खरं. आई एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकतीस वर्षं होती. चादरी, टॉवेल, अभ्रे, ऑपरेशनची हिरवी कापडं, सगळ्यांच्या घड्या. बाकीच्या बायका तिला मुकादम म्हणायच्या. इथं आली तेव्हा ती दिवसभर फेऱ्या मारायची, दारं हलवून बघायची. दाखल करताना जो फॉर्म भरून घेतात त्यात 'आवडी' असा रकाना होता, तिथं मी लिहिलं होतं, 'घड्या घालणे'. मग मीच सुचवलं, तिला टॉवेल देऊन बघा. दिले. आई टेबलाशी उभी राहिली आणि तिच्या हातांना सगळं आठवलं. लांबीत तीन पदर, काठ आत, वरून एक हात फिरवायचा, दहाचा गठ्ठा, दहावा टॉवेल आडवा. सिस्टर म्हणाल्या, "बघा, सुंठीवाचून खोकला गेला." मी फोटो काढून दादाला पाठवला. दादानं हात जोडल्याची खूण पाठवली.

फक्त टॉवेल पुरेनात. साठ टॉवेल ती तासाभरात संपवायची. तेव्हा पुढची युक्तीही मीच सांगितली. पडद्यामागं न्यायचे, उलगडायचे, आणि तेच परत आणून द्यायचे. तिला कुठं कळणार आहे. मावशी हसली होती. "डोकं आहे हो ताई तुम्हाला," म्हणाली होती. तेव्हापासून रोज सकाळी नऊपासून साठ टॉवेल टेबलावरून पडद्यामागं आणि पडद्यामागून टेबलावर फिरत होते.

त्या सोमवारी रात्री मी दादाला फोन लावला. तो दुसऱ्या देशात असतो, आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतो.

"सही करून टाक," तो म्हणाला. "ती चावायला लागलीये. उद्या कुणाच्या डोळ्यात बोट घातलं म्हणजे?"

"मास्तरांना बघितलंस तर नाही म्हणशील."

"कोण मास्तर?"

"काही नाही."

"तुला काय वाटतं ते कर मग."

मला काय वाटतं हाच तर प्रश्न होता. मी भांडी घासली आणि झोपले.

मंगळवारी सिस्टरांनी मला नोंदवही वाचायला दिली. त्यांचा हेतू वेगळा असावा, आई किती बिघडलीय ते माझ्या डोळ्यांनी बघावं आणि सही करावी. पण आकड्यांचा कागद समोर आला की माझी नजर आपोआप एका रकान्यातून सरळ खाली जाते. तीन पन्नास, टॉवेल फेकला. तीन पंचावन्न, दार अडवून उभ्या. चार दहा, शिवीगाळ. चार, मावशीला ढकललं. तीन पन्नास. चार पाच. दोन महिन्यांत एकही नोंद सकाळची नव्हती.

"चारला काय होतं?" मी विचारलं.

"चहा येतो. भेटायला लोक येतात. तुम्ही येता."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी वही मिटली.

चारला आईची शिफ्ट संपायची, एवढं मला ठाऊक होतं. आणि ती पाचच्या पुढं घरी यायची. बाकी त्या धुलाईखान्यात मी लहानपणी एकदाच गेले होते, तेही दारापर्यंत. तिथलं माहीत असलेला एकच माणूस माझ्या ओळखीचा होता, बॉयलरकाका. धुलाईखान्याचा बॉयलर सांभाळायचे. ते केंद्रापासून पाच-सहा थांब्यांवर राहतात. मी बस धरली.

बॉयलरच्या आवाजात जन्म गेल्यामुळे काका सगळ्यांशी ओरडून बोलतात. त्यांच्या घरात कुजबुजही रस्त्यावर ऐकू जाते. आईचं ऐकून त्यांनी मान हलवली, आणि मी टॉवेलांचं सांगितलं तेव्हा हसले.

"अजून दहावा आडवा टाकते? वा रे मुकादम."

"काका, चारला नक्की काय व्हायचं?"

"चारला काय, शिफ्ट द्यायची. तशी सुटी नव्हती तिथं. आपले गठ्ठे आपल्यासमोर, दुसऱ्या शिफ्टची बाई यायची, मोजायची, आणि म्हणायची 'घेतलं'. ती घेतलं म्हणाली की तू मोकळी. नाही म्हणाली तर उभी राहा. मागं कधीतरी चादरी चोरीला गेल्या होत्या ना, तेव्हापासून हा नियम. एकदा दुसरी बाई आलीच नाही, तुझी आई पुढच्या सकाळपर्यंत उभी."

मला ती रात्र आठवत होती. शेजारच्या काकूंनी आम्हाला जेवायला घातलं होतं.

"आणि ढीग शिल्लक असला तर?"

"शिल्लक ठेवून कोण जातंय? ढीग संपवायचा, मगच द्यायचा." ते थांबले. "तुमचा ढीग संपतो ना पण? साठच म्हणालीस."

मी त्यांना पडद्यामागचं सांगितलं. त्यांच्या घरात पहिल्यांदाच रस्त्यावरचा आवाज आत आला.

"अगं पोरी," ते म्हणाले, "ही तर शिक्षा झाली. कुणाच्या डोक्यातून आलं हे?"

"माझ्या."

"हं."

"मला वाटलं तिला आवडतं. एकतीस वर्षं केलं तिनं."

"मीपण एकतीस वर्षं बॉयलर बघितला. उद्या मला भ्रम झाला तर माझ्या खोलीत बॉयलर आणून बसवशील का?" ते पुन्हा ओरडायला लागले होते. "आवडतं कुणी सांगितलं तुला? ती म्हणायची, घरी जाऊन एक रुमालाची घडी घालावी लागली तरी मला मळमळतं."

आणि ते खरं होतं. आमच्या घरी कपड्यांची घडी कधीच नव्हती. दोरीवरून काढलेले कपडे एका खुर्चीवर टाकलेले असायचे, ज्यानं त्यानं आपापला ओढून घ्यायचा, आणि खुर्ची बसायला आहे हे आम्ही विसरलोच होतो. शाळेत माझ्या चुरगळलेल्या फ्रॉकवरून पोरी हसायच्या. मी आईवर चिडायचे, इस्पितळाच्या घड्या घालतेस आणि आमच्या नाही. हे सगळं माझ्याच डोक्यात होतं, आणि फॉर्मवर मी 'घड्या घालणे' लिहिलं होतं.

"मग तिला काय आवडायचं?" मी विचारलं. स्वतःच्या आईबद्दल बॉयलरवाल्याला विचारायची वेळ आली होती.

काकांना विचार करावा लागला नाही. "पायरी. माझ्या बॉयलरच्या मागं एक पायरी होती. शिफ्ट दिली की तिथं येऊन बसायची. वीस मिनिटं. काही करायची नाही. सुरुवातीला मी चहा विचारला, तर म्हणाली, 'मला कुणी काही विचारू नका.' रागानं नाही हां. मग मी विचारायचं सोडलं. वीस मिनिटं झाली की उठायची आणि बसला जायची."

आम्हाला ती रोज सांगायची की बस उशिरा आली. मी आणि दादा खिडकीत उभे असायचो, भुकेले, आणि मी मनातल्या मनात बसवाल्याला शिव्या द्यायचे. काकांकडून परत येताना मला राग आला. वीस मिनिटं गुणिले एकतीस वर्षं असा हिशोबही मनात करून झाला. ती आमची वीस मिनिटं होती असं मला वाटत होतं. घरी पोचेपर्यंत राग पुरला नाही, तोही विझला. पुन्हा काही वाटेनासं झालं.

बुधवारी मी लॅबमधून तासभर लवकर निघाले. कोट काढायचाही राहिला. सिस्टरांना दोन गोष्टी सांगितल्या. आज अडीचनंतर एकही टॉवेल उलगडू नका, हे फोनवर. आणि मागच्या अंगणाचं दार उघडं ठेवा, हे तिथं गेल्यावर.

"दार नाही उघडता येणार," सिस्टर म्हणाल्या. "नियम आहे."

"अंगणाला कुंपण आहे ना?"

"आहे."

"फाटकाला कुलूप?"

"आहे हो, पण पडल्या तर?"

"तर पडेल. मी सही देते, हवी तर. गोळीऐवजी या दारासाठी."

त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. मग कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडवायला लागल्या. "हात दाखवून अवलक्षण होतंय हे माझं," म्हणाल्या, पण किल्ली काढली.

चारला पाच मिनिटं कमी होती. आईसमोर सहा गठ्ठे होते. ढीग संपला होता, आणि ती पडद्याकडे बघत होती. पडद्यामागून काही येत नव्हतं. तिची बोटं टेबलाच्या कडेवर सरकत होती. मावशी पट्टी बांधलेला हात पाठीमागं घेऊन लांब उभी होती, आणि मला तिच्यासमोर लाज वाटत होती.

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेले. आई म्हटलं नाही, गालाला हात लावला नाही, जेवलीस का विचारलं नाही, जे मी आठ महिने रोज करत होते. पहिल्या गठ्ठ्यावर बोट ठेवलं आणि मोजायला लागले. आईची नजर माझ्या बोटावर आली. एक गठ्ठा, दोन, तीन. चौथ्यात मी थांबले.

"नऊ आहेत," मी म्हणाले.

सिस्टर मागून म्हणाल्या, "अहो, जाऊ द्या ना."

आईनं गठ्ठा स्वतःकडे ओढला. एकेक काठ अंगठ्यानं उचलत मोजला. नऊच होते. तिनं टेबलाखाली बघितलं, मग आजूबाजूला, मग सरळ मास्तरांपाशी गेली. त्यांच्या गळ्याशी मावशीनं लाळेसाठी टॉवेल लावला होता. आईनं तो हळूच काढला, झटकला, घडी घातली आणि आडवा ठेवला. मास्तर जागे झाले नाहीत. तो टॉवेल धुवायला टाकायला हवा होता, पण बोलायची कुणाची छाती झाली नाही.

मी उरलेले दोन मोजले. "साठ," म्हणाले. मग म्हणाले, "घेतलं."

आईनं सुस्कारा सोडला. मोठा नाही, पिशवी खाली ठेवल्यावर सोडतो तेवढा. दोन्ही हात कपड्यांना पुसले. "निळ्या कडेचे वेगळे ठेवा," ती मला म्हणाली, "नाहीतर वरच्या मजल्यावरची बाई बोंब मारते." मग माझ्या बाजूनं, मला न लागता, निघून गेली. दार उघडं होतं. बाहेर दोन पायऱ्या होत्या, वरच्या पायरीवर ती बसली. वाळत घातलेल्या चादरींकडे पाठ करून बसली, हे मी काचेतून बघितलं.

"किती वेळ बसतील?" मावशीनं विचारलं.

"वीस मिनिटं."

ती पन्नास मिनिटं बसली. चहा नेऊन देऊ का असं मावशीनं मला विचारलं. मी म्हटलं, मला नका विचारू आणि आज तिलाही नका विचारू.

गुरुवारी सकाळी सिस्टरांनी मला लॅबमध्ये फोन केला. नळ्या लावताना मी फोन उचलत नाही, पण तो उचलला. टॉवेल पुढं ठेवण्याआधी त्यांनी आईला विचारलं होतं, "आजी, घालायच्या का आज घड्या?" आई टॉवेलांकडे बघून म्हणाली होती, "नको. तुम्ही घाला." सिस्टर सांगताना हसत होत्या, मग म्हणाल्या, "आठ महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं हो आम्ही."

"मीपण नाही," मी म्हटलं.

त्या दिवशी आईनं काहीच केलं नाही. खिडकीशी बसली, दोनदा डुलकी काढली, मास्तरांच्या खुर्चीला प्रदक्षिणा घातल्या, चारला आपली आपण मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. दार उघडलं गेलं. नोंदवहीत त्या तारखेसमोर सिस्टरांनी लिहिलं, 'काही नाही'. संध्याकाळी मी ते दोन शब्द बराच वेळ बघत होते.

शुक्रवारी डॉक्टर आले. तरुण होते, घाईत होते, पण वही त्यांनी नीट वाचली आणि मला चार प्रश्न विचारले. मी धुलाईखान्याचं सांगितलं. ते म्हणाले, "मग आत्ता गोळी नको. पंधरा दिवसांनी बघू. दुखापत झाली तर मात्र मला विचार करावा लागेल." मी हो म्हटलं. सिस्टरांनी सहीचा कागद घडी करून खिशात टाकला. मास्तरांची गोळी कमी करता येईल का, असं मी जाता जाता विचारलं, आणि डॉक्टर म्हणाले की ते त्यांच्या घरच्यांशी बोलतील. त्यापुढं माझा काही अधिकार नव्हता.

मग मी मागच्या दारातून बाहेर गेले. आई पायरीवर होती. मी तिच्या शेजारी बसले, मध्ये एका माणसाची जागा ठेवून. तिनं बघितलं नाही. अंगणात एक रिकामी कुंडी होती, कुंपण होतं, कुंपणापलीकडे कुणाच्या तरी घराची मागची भिंत होती. बघण्यासारखं काहीच नव्हतं आणि ती ते बघत होती.

मला तिला सांगायचं होतं की गोळी टळली. आम्ही खिडकीत उभे असायचो ते तुला माहीत होतं का, असं विचारायचं होतं. आणि तिनं एकदा, चुकून का होईना, मला नावानं हाक मारावी अशी इच्छा होती. हे सगळं तिथं बसल्या बसल्या मला कळलं. आठ महिने मी रोज चारला यायचे ते यासाठीच. तिच्यासाठी येते असं मी सगळ्यांना सांगत आले होते, बसच्या कंडक्टरलासुद्धा.

तिला कुणी विचारत नाही म्हणून मी तीन दिवस त्या केंद्रात सगळ्यांना ऐकवत फिरत होते. न विचारता मीही बसून राहिले असते. भेटीची वेळ होती, कुणी उठवलं नसतं, आणि तिनंही बहुधा काही म्हटलं नसतं.

"मी थांबू की जाऊ?" मी विचारलं.

तिनं वळून बघितलं. चेहरा, लॅबचा कोट, मांडीवरची पिशवी, सगळं नीट बघितलं. प्रश्न तिला कळला होता. तिनं त्यावर विचार केला, आणि तो करताना ती अगदी पूर्वीसारखी दिसत होती.

"जा," ती म्हणाली.

चिडून नाही म्हणाली. मला लागलं. खूप लागलं, आणि ते लपवायला मी काही केलं नाही, कारण तिनं मान परत कुंपणाकडे वळवली होती. मी पिशवी उचलली. आत येऊन सिस्टरांना सांगितलं की यापुढं मी रविवारी सकाळी येईन, आणि तेही आधी तिला विचारून. त्यांनी वहीत लिहून घेतलं.